वरची पंधरा सेंटीमीटर माती: जॅराच्या जंगलातल्या बॉक्साइट खाणी आणि झुडपांचं बी

मागच्या महिन्यात एका ओळखीच्यांचा फोन आला, त्यांची चिरेखाण आहे, जांभा काढून झालाय, खड्डा रिकामा पडलाय, तर म्हणाले ताई पावसाच्या आधी तुमच्याकडची काहीतरी रोपं लावून द्या ना. मी सिंधुदुर्गात देशी झुडपांची छोटीशी रोपवाटिका चालवते, करवंद, धायटी, कुडा, निर्गुडी, मुरुडशेंग, असलं. त्यामुळे असे फोन येत असतात. मी त्यांना पहिलं विचारलं की खाण सुरू करताना वरची माती काढली ती कुठे ठेवलीय. ते म्हणाले ती तर केव्हाच भरावाला गेली. मग मी जरा वेळ काही बोललेच नाही, कारण खरं सांगायचं तर त्यांची निम्मी रोपवाटिका त्या ट्रकांतनं निघून गेली होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं, त्यात त्यांची काही चूकपण नाही, कुणी सांगितलंच नाही तर कळणार कसं.

म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. हे आपल्याकडचं नाही, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं आहे, पण जमीन आपल्यासारखीच, जांभ्याची. पर्थ शहराच्या पूर्वेला आणि दक्षिणेला डार्लिंग रेंज म्हणून डोंगररांग आहे, तिच्यावर जॅराचं जंगल आहे. जॅरा म्हणजे निलगिरीच्या कुळातलं एक मोठं झाड, लाकूड लालसर आणि टिकाऊ. त्याच्या जोडीला मॅरी नावाचं दुसरं झाड. ही जमीन नूंगार लोकांची, हजारो वर्षांपासूनची. आणि त्या जंगलाखाली बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा दगड. आपल्या कोल्हापूरकडच्या सड्यांवर जसा जांभ्यात बॉक्साइट सापडतो तसाच, फार खोल नाही, वरून चार-पाच मीटरचा थर. तिथे अल्कोआ या कंपनीने १९६३ मध्ये जॅराडेलला खाण सुरू केली आणि १९६६ पासून खोदून झालेल्या जागेवर परत झाडं लावायला लागले. तेव्हापासून आजपर्यंत हे काम चालू आहे, नंतर हंटली आणि विलोडेल या खाणींवर. इतकी वर्षं एकाच जंगलात एकच काम, तेही लिहून ठेवत, मोजत, चुका सुधारत, असं जगात फार थोड्या ठिकाणी झालंय, म्हणून तर शिकायला मिळतं.

सुरुवातीला त्यांनी काय केलं, तर पाइन लावले आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातल्या निलगिरी लावल्या. जॅरा नाही. त्याला कारणही होतं, तिथे फायटोप्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग पसरलेला आहे, जॅरा त्याने मरतो, मग लोकांना वाटलं की जो मरणार नाही तो वृक्ष लावू. झाडं वाढली, हिरवं दिसायला लागलं, फोटो छान आले. पण खाली काय होतं? जॅराच्या जंगलात खरी गंमत झाडांच्या खाली असते, गुडघ्याएवढी, कमरेएवढी झुडपं, शेकडो जातींची, पिवळी जांभळी लाल फुलं, बँक्सिया, हेकिया, हिबर्शिया, वेगवेगळ्या बाभळी, शेंगावाल्या वेली. परक्या झाडांखाली ते जंगल परत येईना. शेवटी १९८८ पासून त्यांनी ठरवलं की पेरायचं ते इथलंच, जॅरा आणि मॅरी, आणि त्यांच्या खालची झुडपं.

इथे मला आपल्या गोव्याच्या खाणींवरचे मातीचे डोंगर आठवतात. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागात लोहखनिजाच्या खाणींतनं निघालेली टाकाऊ माती ढिगानं पडलेली आहे आणि तिच्यावर बऱ्याच ठिकाणी लावलीय ती ऑस्ट्रेलियन बाभूळ, आपण जिला नुसतं आकेशिया म्हणतो. ती तर उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडची. लवकर वाढते, धूप थोडी थांबवते, हे मान्य आहे, पण तिच्या पानांचा थर खाली एवढा जाड बसतो की करवंदीचं रोप त्यातनं डोकं काढायला धडपडतं. म्हणजे ऑस्ट्रेलियावाले १९८८ मध्ये जे सोडून आले ते आपण अजून धरून बसलोय. लाल माती उघडी पडू नये म्हणून घाईत लावलेलं झाड पन्नास वर्षं तिथेच राहतं, हा विचार लावताना कुणाच्या मनात नसतो.

आता मुद्द्याचं, माती.

तिथे खाण सुरू करायच्या आधी जंगल तोडून झालं की वरची साधारण पंधरा सेंटीमीटर माती वेगळी काढतात. तिच्या खालची चाळीसेक सेंटीमीटर मुरमाड माती वेगळी काढतात. दोन्ही एकमेकांत मिसळू देत नाहीत. का, तर झुडपांचं बी जे मातीत वर्षानुवर्षं झोपलेलं असतं ते बहुतेक सगळं वरच्या पाच सेंटीमीटरमध्ये असतं. पाच सेंटीमीटर म्हणजे तीन बोटं. ती तीन बोटं माती खालच्या मुरमात मिसळली तर बी खोल जातं आणि बारीक बी खोलातनं वर येऊच शकत नाही, त्याच्या पोटात तेवढी शिदोरीच नसते. माझ्याकडे धायटीचं बी असतं ते बोटाच्या टोकावर घेतलं तर तपकिरी धूळ वाटते, फुंकर मारली की गेलं, ते मी ट्रेमध्ये भिजलेल्या मातीवर नुसतं भुरभुरते आणि वरून माती अजिबात घालत नाही. नवीन मुलगी कामाला आली की ती प्रेमाने वर अर्धा इंच माती पसरते आणि मग महिनाभर आम्ही काळा ट्रे बघत बसतो. तिथल्या हजारो टन मातीचंही तेच आहे, फक्त ट्रे मोठा.

आणि दुसरं, ही माती ढीग करून ठेवत नाहीत, शक्य तिथे लगेच वापरतात. म्हणजे इकडे नवीन खड्ड्यासाठी जंगलातनं माती उचलली की ती ट्रक भरून थेट त्या खड्ड्यावर नेऊन पसरायची जिथे खोदून झालंय आणि आता भरायचंय. याला ते ताजी माती परत देणं म्हणतात. ढिगात घातली की आतलं बी कुजतं, काही आतच उगवून मरतं, मातीतली बुरशी आणि जीवजंतूही जातात. ढीग वर्ष-दोन वर्षं पडून राहिला तर बघायला माती तीच पण आत जीव राहत नाही. आपल्याकडेही नियम आहे की खाणीची वरची माती वेगळी साठवून नंतर वापरायची, ते बरोबरच आहे, पण साठवणं आणि ताजी वापरणं यात केवढा फरक पडतो ते या एका प्रकरणात लख्ख दिसतं. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते, मातीबरोबर तो मूळकुजव्या रोगही प्रवास करतो, म्हणून रोग असलेल्या भागातली माती निरोगी भागात नेत नाहीत आणि गाड्यांची चाकं धुवून मगच पुढे सोडतात.

माती पसरायच्या आधी जमिनीचं एक काम असतं. बॉक्साइट काढल्यावर खाली पांढरट चिकण मातीचा थर लागतो आणि त्याच्यावरनं मोठे डंपर फिरून फिरून तो दगडासारखा घट्ट झालेला असतो. त्यात मूळ शिरणार कसं. मग मोठ्या बुलडोझरला मागे पंखवाला फाळ लावून दीड मीटरपर्यंत जमीन उकलतात, उताराला आडवी, म्हणजे पाणी सरीतच मुरतं. खड्ड्याच्या कडा आधीच उतरत्या करून घेतलेल्या असतात, खड्डा कधीच पूर्ण भरला जात नाही, जंगल काही मीटर खाली सरकतं एवढंच. शेवटची उकल माती पसरल्यावर करतात आणि त्याच बुलडोझरवर बी फेकायचं यंत्र बसवलेलं असतं, म्हणजे माती उकलली गेली की त्याच मिनिटाला बी त्या ढेकळांच्या फटींत पडतं. दोन आठवडे थांबलात तर वरची माती बसते, पापुद्रा धरतो आणि बी वरच राहून मुंग्या-पाखरांच्या तोंडी जातं. तिथे पाऊस हिवाळ्यात, म्हणजे मेच्या सुमारास सुरू होतो, म्हणून हे सगळं उन्हाळ्यात, एप्रिलच्या आत उरकतात. पाऊस पडून गेल्यावर जमीन उकलली तर मातीतलं जे बी उगवायला लागलेलं असतं तेच मारलं जातं. आपल्याकडे जुनी माणसं मिरगाच्या आधी शेत तयार ठेवायची ती काही उगाच नाही.

आता बी. मातीतलं बी पुरत नाही, काही जातींचं मातीत नसतंच, म्हणून वरून पेरायला गोळा करावं लागतं आणि ते खाणीच्या आसपासच्या जंगलातनंच. तीच जात शंभर मैलांवरनं आणली तरी चालेल असं नाही, प्रत्येक रोपाची सवय त्या त्या पाऊस-मातीची असते. गोळा करणं हे वेगळंच काम आहे. बाभळीच्या शेंगा पिकल्या की कडक उन्हात तडकतात आणि बी उडून जातं, म्हणजे दोन-चार दिवस चुकले तर वर्ष गेलं. उलट हेकियाचं फळ लाकडासारखं टणक, झाडावरच वर्षानुवर्षं बंद राहतं, फांदी मेली किंवा आग लागली की मगच उघडतं, ते फळ आणून उन्हात वाळवलं की आपोआप दोन भाग होतात आणि आत पंख असलेलं काळं बी. काही जातींच्या बियांना पांढरट मऊ दाणा चिकटलेला असतो, मुंग्या तो खायला बी वारुळात ओढून नेतात, मग ते बी गोळा करणार कसं, तर मुंग्यांच्या आधी पोचायचं.

आणि आणलेलं बी नुसतं पेरून चालत नाही. प्रत्येकाला कुलूप आहे आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी.

शेंगावाल्यांची किल्ली उष्णता. बाभळी, बॉसिया, केनेडिया यांच्या बियांचं साल इतकं कडक की पाणी आत शिरत नाही. जंगलात वणवा गेला की त्या उष्णतेने सालात बारीक चीर पडते. रोपवाटिकेत तेच काम उकळतं पाणी करतं. हे मी रोज बघते, आपल्या मुरुडशेंगेचं किंवा शिकेकाईचं बी घ्या, गरम पाणी ओता, रात्रभर ठेवा, सकाळी बघा, निम्म्या बिया फुगून दुप्पट झालेल्या, साल मऊ, नखाने दाबता येतं, आणि उरलेल्या तशाच खड्यासारख्या. फुगलेल्या उचलून पेरायच्या, न फुगलेल्यांना परत गरम पाणी. यात घाई करून सगळ्या एकत्र पेरल्या तर अर्ध्या उगवतात आणि लोक म्हणतात बी खराब होतं.

पण सगळ्यांना ही किल्ली लागेना. जॅराच्या जंगलातल्या कित्येक झुडपांचं बी जिवंत असायचं, चिरून बघितलं तर आत पांढरं कोवळं, आणि तरी उगवायचं नाही. गरम पाणी, थंडी, घासणं, आम्ल, सगळं करून झालं. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डी लांगे आणि बूशे यांनी दाखवलं की तिथल्या फिनबॉसमधल्या, म्हणजे तिकडच्या झुडपी रानातल्या, एका दुर्मिळ झुडपाचं बी नुसत्या धुराने उगवतं. आग नाही, उष्णता नाही, गार धूर. मग पर्थच्या किंग्ज पार्क बागेतल्या किंग्सली डिक्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो प्रयोग पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या झाडांवर केला, उगवायला अवघड म्हणून बदनाम असलेल्या ९४ जाती घेतल्या आणि त्यातल्या ४५ जातींनी धुराला दाद दिली. हे १९९५ मध्ये छापून आलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली बाळंतिणीची धुरी आठवली, शेगडीत ओवा-शेपा टाकून बाळाला धुरी देतात ती. इथे बियांच्या कुंड्यांना धुरी. ड्रममध्ये ओलसुकी पानं-काटक्या जाळायच्या, नळीने धूर गार करत एका तंबूत सोडायचा, तंबूत बियांचे ट्रे. नाहीतर तोच धूर पाण्यातनं बुडबुडे काढत सोडायचा, पाणी चहाच्या रंगाचं होतं, मग त्या धुरकट पाण्यात बी भिजवायचं. खाणीवर हे दुसरंच सोयीचं, कारण पेरायच्या आधी पोतीच्या पोती बी त्यात भिजवता येतं.

धुरातला नेमका पदार्थ कोणता हे सापडायला २००४ उजाडलं. धुरात हजारो रसायनं असतात, त्यातनं एकेक वेगळं करून बियांवर टाकून बघायचं, आणि ते बघायला त्यांनी लेट्यूसचं बी वापरलं, तेच सॅलडवालं, कारण तेही धुराला प्रतिसाद देतं आणि एका दिवसात उत्तर मिळतं. फ्लेमाटी, डिक्सन वगैरे पर्थच्या मंडळींनी तो रेणू शोधला, दक्षिण आफ्रिकेतल्या गटालाही त्याच वर्षी तोच सापडला. तो इतक्या कमी प्रमाणात काम करतो की अब्ज भागांत एक-दोन भाग पुरतात. त्या रेणूंच्या कुळाला कॅरिकिन नाव दिलं, नूंगार भाषेत धुराला कॅरिक म्हणतात त्यावरून. मला हे नाव फार आवडतं. ज्यांनी हजारो वर्षं त्या जंगलात विचारपूर्वक जाळ केला त्यांचाच शब्द त्या रेणूला मिळाला. आणि गोष्ट तिथेही संपली नाही, कांगारू पॉ नावाचं त्या राज्याचं जे मानाचं फूल आहे त्याचं बी धुराने उगवतं पण कॅरिकिनने उगवत नाही, तेव्हा धुरात दुसरंही काहीतरी होतं, ते २०११ मध्ये सापडलं.

आता परिणाम. १९९०च्या दशकात त्यांनी लक्ष्य ठरवलं की परत उभ्या केलेल्या जागेत आजूबाजूच्या न खोदलेल्या जंगलाइतक्याच जाती दिसल्या पाहिजेत, म्हणजे शंभर टक्के. पेरणीनंतर पंधरा महिन्यांनी चौकटी आखून, गुडघे टेकून, एकेक रोप ओळखून मोजतात. ताजी माती, गोळा केलेलं बी, धूर, उष्णता, आणि जे बियांनी येतच नाही ते रोपवाटिकेत वाढवून लावणं, हे सगळं मिळून साधारण २००१च्या सुमारास सरासरीने ते लक्ष्य गाठलं गेलं. हे मोठंच यश आहे.

पण सरासरी आणि संख्या, हे दोन शब्द नीट वाचायला हवेत. जातींची संख्या जुळली म्हणजे जंगल जुळलं असं नाही. जॅराच्या जंगलातल्या झुडपांचे ढोबळ दोन स्वभाव आहेत. एक स्वभाव बियांवर जगणारा, आग लागली की मूळ झुडूप मरतं आणि त्याच्या बियांतनं शेकडो नवीन उगवतात. दुसरा स्वभाव बुंध्यावर जगणारा, वरचं सगळं जळालं तरी जमिनीखालच्या गाठीतनं परत फुटतं, आपल्याकडचा कुडा किंवा कुंभा कितीही तोडा तरी फुटतो तसं. हे दुसरे लोक बी फारच कमी करतात, त्यांना गरजच नाही. आणि खऱ्या जंगलात बहुसंख्य जाती या दुसऱ्या स्वभावाच्या आहेत. आता खाण खोदताना गाठीसकट सगळं निघून जातं, राहतं फक्त बी, म्हणजे पहिल्या स्वभावाच्यांची चंगळ आणि दुसऱ्यांची वानवा. बांबूसारख्या लव्हाळ्यांच्या जाती, गवताळ खोडांच्या जाती, यांचं बी मिळेना, मिळालं तर उगवेना, शेवटी टिश्यू कल्चर करून बाटलीत वाढवून एकेक रोप हाताने लावायला लागले. एवढा खर्च एका लव्हाळ्यासाठी का करायचा असं कुणी विचारेल, पण त्या लव्हाळ्याशिवायचं ते जंगल म्हणजे मीठ नसलेली आमटी.

शेंगावाल्यांनी तर वेगळाच ताप दिला. उकळत्या पाण्याने सगळं बी जागं होतं, त्यात नत्र हवेतनं घेणारी मुळं, वर हेलिकॉप्टरने खत टाकलेलं, मग बाभळी आणि बॉसिया इतक्या दाट उगवल्या की आत शिरता येईना, बाकीची नाजूक झुडपं त्यांच्याखाली दबली आणि काही वर्षांनी त्याच बाभळी एकदम वाळून उभा जळणसाठा तयार झाला. म्हणून मग शेंगावाल्यांचं बी कमी केलं, फॉस्फरसचं खत कमी केलं. ही माती मुळातच फॉस्फरसने गरीब आणि तिथली झाडं त्या गरिबीतच घडलेली, भरपूर खत दिलं की तण माजतं आणि घरचे मागे पडतात. मला हे शिकायला बरीच वर्षं लागली, मी सुरुवातीला करवंदीच्या पिशव्यांतसुद्धा शेणखत भसाभस घालायचे, रोपं हिरवीगार उंच व्हायची आणि सड्यावर लावली की पहिल्या उन्हाळ्यात मान टाकायची.

या सगळ्या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की त्यांनी जुन्या जागा दहा-पंधरा वर्षं परत परत जाऊन मोजल्या आणि निघालं असं की पहिल्या वर्षी जे उगवलं तेच पुढे राहतं. आपल्याला वाटतं की झाडं लावून द्या, सावली झाली की पक्षी बी आणतील, जंगल हळूहळू भरत जाईल. तिथे तसं झालं नाही. नंतर आपणहून येणाऱ्या जाती फारच थोड्या. म्हणजे पहिल्या पावसात जे चुकलं ते चुकलं, नंतर येऊन दुरुस्त करू हा विचारच चालत नाही. झाडाचं तसं नसतं, झाड मेलं तर दुसरं लावता येतं. झुडपांच्या बियांना एकच संधी असते, उकललेली मोकळी माती आणि पहिला पाऊस.

एक झुडूप मात्र सगळ्यांना पुरून उरलं होतं, परसूनिया, तिकडे त्याला स्नॉटीगॉबल म्हणतात. लहान झाडच म्हणा, पिवळी फुलं, हिरवट गोल फळं, एमू आणि कांगारू ती फळं खातात. आत दगडासारखी आठळी, आणि आठळी फोडली तरी बी झोपलेलंच. धूर दिला, काही नाही. उष्णता, काही नाही. शेवटी लक्षात आलं की याला कुठली एक किल्ली नाहीच, याला काळ हवा. फळं मातीत पुरून ठेवायची, एक उन्हाळा, एक हिवाळा, परत उन्हाळा, मध्येच अवकाळी सर येऊन माती गरम असतानाच ओली व्हायची, असं होत होत आठळी सैल होते आणि मग एखाद्या थंड ओल्या महिन्यात कोंब येतो. प्रयोगशाळेत बसून घाई करणाऱ्या माणसाला ते कधी दिसलंच नसतं.

जनावरांचंही थोडं सांगते. जोनाथन मेजर म्हणून तिथले एक अभ्यासक १९७०च्या दशकापासून या भरलेल्या खाणींवर मुंग्या मोजत आले, कुठल्या जातीच्या मुंग्या कधी परत येतात, कारण मुंग्या आल्या की बी हलायला लागतं आणि माती भुसभुशीत होते. आणि जिथे झुडपांची विविधता जास्त तिथे मुंग्याही जास्त. काळे काकाकुवा दहा वर्षांच्या आतल्या जागांवर सुद्धा बँक्सिया, हेकिया आणि मॅरीची फळं फोडून खायला येतात, हे बघून कुणालाही आनंद होईल. पण त्यांना घरटं करायला झाडात ढोली लागते आणि तशी ढोली व्हायला जॅरा-मॅरीचं वय शंभराच्या वर जावं लागतं. ते कुठल्याही बियांना, धुराला, पैशाला लवकर आणता येत नाही. त्यात त्या भागातला पाऊस १९७०पासून कमी कमी होत चाललाय. म्हणून मी हे प्रकरण सांगताना "खाण खोदली तरी जंगल परत आणता येतं" असं कधीही म्हणत नाही. जे परत येतं ते मेहनतीने येतं आणि अर्धवट येतं, आणि जिथे जुनं जंगल उभं आहे तिथे खोदू नये हेच माझं मत आहे आणि राहील.

आपल्याकडे यातलं काय चालेल याचा मी बराच विचार केलाय. धूर जसाच्या तसा नाही चालणार, आपली बहुतेक झुडपं वणव्यावर नाही, पावसाळ्यावर बेतलेली आहेत. करवंद, जांभूळ यांचं बी तर वाळलं की मेलं, ते मे-जूनमध्ये फळ खाऊन लगेच ओल्या मातीत गेलं पाहिजे, कपाटात ठेवून दिवाळीनंतर काढलं तर काही उपयोग नाही. कुड्याच्या लांब जोडशेंगा हिवाळ्यात सुकून फाटायला लागतात आणि रेशमी शेपटीचं बी वाऱ्यावर जातं, ते त्याआधी शेंगा दोऱ्याने बांधून राखायचं. मुरुडशेंगेला गरम पाणी. धायटीला नुसता ओला पृष्ठभाग. म्हणजे किल्ल्या वेगळ्या, पण प्रत्येक कुलूप आधी ओळखून ठेवायची पद्धत तीच. आणि माती तर शंभर टक्के तीच गोष्ट. सड्यावर माती असते किती, कुठे चार बोटं, कुठे वीतभर खाचेत साठलेली. ती निघून गेली की तिथे परत काय आणणार.

त्या चिरेखाणवाल्यांना मी मग परत फोन केला. जुन्या खड्ड्याचं सांगितलं की रोपं देते पण शंभर जातींचं सोडा, दहा-बारा जाती टिकल्या तरी बघू. आणि विचारलं, नवीन खाण कुठे सुरू करताय का. शेजारच्याच तुकड्यात, पावसाळ्यानंतर, म्हणाले. मग आम्ही दोघांनी जाऊन तो तुकडा चालून बघितला, अंजनी, करवंद, कुडा, रानमोगरा, पायाखाली सगळं गच्च. मी त्यांना म्हटलं खोदू नका तर बरंच, पण खोदणारच असाल तर पहिल्या दिवशी जेसीबी लावण्याआधी मला बोलवा. वरची वीतभर माती आधी वेगळी काढायची, खालच्यात मिसळायची नाही आणि ढीग न करता त्याच दिवशी जुन्या खड्ड्यात पातळ पसरायची, खड्ड्याचा तळ त्याआधीच पोकलेनने फोडून ठेवायचा. दोन तुकडे शेजारी शेजारी आहेत, ट्रकला दोनशे पावलंसुद्धा जायचं नाही. पावसाळा संपल्यावर काढली तर ती माती पहिल्या पावसापर्यंत सहा-सात महिने उघडी राहील, म्हणून मी त्यांना काम एप्रिल-मेपर्यंत पुढे ढकलायला सांगितलंय. त्यांनी हो म्हटलंय, तारीख अजून ठरलेली नाही. तोवर मी त्या तुकड्यातलं कुड्याचं आणि अंजनीचं बी राखते आहे.